सई, आधी पेटी, मग साप

प्रिय सई,

सापाच्या पिल्लाचा फोटो पाहिला. नारिंगी अंग, पाठीवर काळ्या कडेचे तांबडे ठिपके, देखणं आहे. पण शनिवारी ते आणायला जाणार असं लिहिलंस, ते काही करू नकोस. दोन-तीन आठवडे थांब. आधी त्याला ठेवायची पेटी येऊ दे, ती दिवे-हीटर लावून आठवडाभर रिकामी चालू दे, मग साप. लोक दोन्ही एकाच दिवशी आणतात आणि सगळ्या चुका त्या बिचाऱ्याच्या अंगावर शिकतात.

कॉर्न स्नेक निवडलास हे बरं केलंस. रॉयल पायथॉन नावाचा अजगर दिसायला शांत असतो, पण मनात आलं की महिनोन् महिने उपाशी राहतो आणि नवख्या माणसाच्या जिवाला घोर लावतो. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांना विळख्यात आवळून मारणारा. आपल्याकडच्या तस्कर नावाच्या सापाशी त्याचं इतकं साम्य की दोघांना बरीच वर्षं 'एलाफी' या एकाच वंशात धरलं जायचं. तस्करासारखाच तो झाडावर चढतो, बिळात घुसतो आणि अंधार पडला की हिंडायला निघतो. पेटी लावताना या तिन्ही सवयी ध्यानात ठेव. शिवाय तो नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे तू चाळिशी ओलांडशील तेव्हाही तो तुझ्याकडे असेल.

इथे नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिकडे इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेकला परवाना लागत नाही, पण २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने त्याच्या गरजांची जबाबदारी तुझ्यावर येते. आणि खोली भाड्याची आहे. घरमालकीणबाईंची परवानगी तोंडी नको, लेखी घे.

आता पेटी. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक चार ते पाच फूट होतो. त्याला अंग जवळजवळ सरळ पसरता आलं पाहिजे, म्हणून किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी लाकडी, पुढे सरकत्या काचांची पेटी घे. काचेच्या टाकीपेक्षा लाकडात ऊब टिकते, आणि लीड्सच्या हिवाळ्यात तेच महत्त्वाचं. दुकानात सांगतील की सापाला लहान जागाच आवडते. हे अर्धं खरं. त्याला लहान लपण आवडतं, लहान घर नाही. मोठ्या पेटीत पिल्लू बिथरतं ते जागा मोठी म्हणून नाही, उघडी म्हणून. साली, फांद्या, कॉर्कच्या नळ्या, प्लॅस्टिकची पानं यांनी ती इतकी भर की या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला आडोशाआडोशाने जाता यावं.

पेटी जमिनीवर ठेवू नकोस, फळीवर किंवा टेबलावर ठेव. खिडकीजवळही नको, काचेतून आलेलं ऊन अर्ध्या तासात आतला भाग भाजून काढतं. खोली तापवणाऱ्या रेडिएटरपासून लांब ठेव, नाहीतर पेटीचं तापमान तुझ्या नाही, घरमालकीणबाईंच्या हातात जाईल.

सगळ्यात जास्त लक्ष उबेकडे दे. सापाचं रक्त थंड नसतं, त्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही एवढंच. आपल्याकडे धामण सकाळी बांधावर उन्हात पडते आणि दुपारी दगडांच्या सांदीत शिरते. पेटीत तुला हा बांध आणि ही सांद दोन्ही करून द्यायचंय. एक टोक गरम, दुसरं गार, आणि कुठे बसायचं हे साप ठरवेल. गरम टोकाला दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३० ते ३२ अंश सेल्सिअस, तिथल्या लपणात २८-२९, गार टोकाला २२ ते २४. रात्री सगळीकडे २० पर्यंत उतरलं तरी चालतं. सबंध पेटी एकसारखी २८ वर ठेवली तर वरवर ठीक वाटेल, पण सापाला थंड व्हायला जागाच उरणार नाही.

लाकडी पेटीत गादीसारखा हीटर, म्हणजे हीट मॅट, नको. जाड लाकडातून ऊब वर येत नाही, आणि आत ठेवली तर साप तिच्यावरच वेटोळं घालून बसतो. पोटाखालची झळ सापाला वेळेवर जाणवत नाही, म्हणून भाजेपर्यंत तो हलत नाही. 'हॉट रॉक' नावाचे विजेचे दगड मिळतात, त्यांचंही तेच. दिवसासाठी छताला एका टोकाला ५० ते ७५ वॉटचा हॅलोजन दिवा लाव. रात्री खोली २० च्या खाली जात असेल तर जोडीला उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. दोन्हींभोवती तारेची जाळी हवीच. साप दिव्याला विळखा घालतो. डॉक्टरांकडे येणाऱ्या भाजलेल्या सापांमध्ये हे नेहमीचं कारण आहे.

दोन्ही थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला ऊब आपोआप रोखणाऱ्या यंत्रावर, चालव. दिव्यासाठी उजेड कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट, सिरॅमिकसाठी थोडी थोडी वीज सोडणारा पल्स थर्मोस्टॅट. साधा चालू-बंद होणारा दिव्याला लावलास तर दिवा दिवसभर लुकलुकेल आणि लवकर जळेल. थर्मोस्टॅटवर काटकसर करू नकोस. सापाच्या किमतीपेक्षा पेटीचं सामान महाग पडणार, हे आधीच मनाशी धर.

थर्मोस्टॅटची ऊब मोजणारी तार नेमकी कुठे बसवायची, इथे भलेभले चुकतात. तिचं टोक गरम जागेच्या शेजारी, सापाच्या पाठीच्या उंचीवर असावं. दिव्याच्या फार जवळ गेलं तर यंत्राला वाटतं ऊब झाली, आणि बाकीची पेटी गारठते. उलट सापाने ते ओढत गार टोकाला नेलं, किंवा त्यावर पाणी सांडलं, तर यंत्र समजतं अजून थंडीच आहे आणि दिवा पेटवतच राहतं. म्हणून तार क्लिपांनी भिंतीला घट्ट बसव. चिकटपट्टी पेटीच्या आत कुठेही वापरू नकोस. साप तिला चिकटला तर सोडवताना कातडी सोलून निघते.

थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो फक्त हुकूम देतो. खरं तापमान पाहायला तारेचे दोन डिजिटल थर्मामीटर, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. काचेला चिकटवायच्या गोल तबकड्या स्वस्त असतात आणि त्या काचेचंच तापमान सांगतात.

आता सुटण्याबद्दल. दोन सरकत्या काचा एकमेकींवर येतात तिथे काही मिलिमीटरची फट राहते. तुझं पिल्लू पेन्सिलीएवढं आहे. डोकं शिरलं की अंग शिरतंच. त्या फटीत बसणारी पारदर्शक पट्टी मिळते, ती लाव, आणि काचांना कुलूपही. तारांसाठी मागे पाडलेली भोकं, कोपऱ्यातले सांधे सिलिकोनने बुजव. हे सिलिकोन मत्स्यालयाचं, बुरशीनाशक न घातलेलं. ते पूर्ण वाळून वास जाईपर्यंत पेटी उघडी ठेव. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी आहे ना ते बोट फिरवून बघ. कॉर्न स्नेक पळण्यात पटाईत आहे, आणि पळालेलं पिल्लू बहुतेक वेळा फ्रीजच्या मागे, गरम मोटरजवळ सापडतं. सापडलं तर.

तळाला अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाचा भुसा पाच ते आठ सेंटिमीटर घाल, त्यात तो बोगदे करतो. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातल्या वासाच्या तेलांनी फुप्फुसांना त्रास होतो. अ‍ॅस्पेन ओला झाला की बुरशी धरतो, तेवढा भाग लगेच काढून टाक. पहिला महिना मात्र भुसा नको, नुसता किचन पेपर पसर. शी घट्ट आहे का, अंगावरून पिसवांसारखे काळे किडे गळतायत का, हे पांढऱ्यावर लगेच दिसतं. असे ठिपके पाण्यात बुडालेले दिसले तर ते सापाचे माइट समज आणि डॉक्टर गाठ.

लपणं तीन. एक गरम टोकाला, एक गार टोकाला, दोन्ही इतकी अरुंद की वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकावं. ऐसपैस गुहेत त्याला सुरक्षित वाटत नाही. गरम टोकाला एकच लपण ठेवलंस तर भ्यायलेला साप गार व्हायची गरज असूनही तिथेच भाजत बसेल. तिसरं लपण झाकणाच्या डब्याचं, एका बाजूला भोक पाडून आत ओलसर शेवाळ. कात टाकायच्या सुमारास डोळे निळसर धुरकट होतात, तेव्हा तो तिथे जातो. पेटीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरते. कात तुकड्यांत निघाली तर शेपटीचं टोक आणि डोळ्यांवरची चकती बघ. राहिली असेल तर ओढू नकोस, ओलसर डब्यात तासभर ठेव. डोळ्याचं प्रकरण मात्र डॉक्टरांवर सोड.

पाण्याचं भांडं जड, मातीचं किंवा चिनी मातीचं, गार टोकाला. तो त्यात अंग बुडवून बसेल, म्हणून काठोकाठ भरू नकोस. फांद्या स्क्रूने पक्क्या कर. दगड ठेवणार असशील तर भुशावर नाही, पेटीच्या तळावर टेकव आणि मग भुसा घाल. साप खालून पोखरतो, आणि वरचा दगड खाली बसतो. बाहेरून आणलेली फांदी घासून, धुऊन, ओव्हनमध्ये मंद आचेवर तासभर तापव, आणि तिच्याजवळून हलू नकोस.

उजेड १२ तास, १२ तास अंधार. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, पाच-सात टक्क्यांची नळी लावलीस तर उत्तम, पण ती काचेबाहेर लावून उपयोग नाही, ते किरण काचेतून जात नाहीत. वर्षाला नळी बदलायची, ती दिसायला उजळ असली तरी.

हे सगळं लागलं की आठवडाभर रिकामी पेटी चालव. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री अकरा, तिन्ही वेळा दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिही. खोलीचं हीटिंग बंद करून एक रात्र काढ, कारण जानेवारीत कधीतरी ते बंद पडणारच. आकडे तीन दिवस सलग जागेवर राहिले की मगच दुकानात फोन कर.

पिल्लू आलं की पाच ते सात दिवस हात लावू नकोस, फक्त पाणी बदल. मग पहिलं खाणं, गोठवलेलं उंदराचं नवजात पिल्लू. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात, शरीराइतकं कोमट होईपर्यंत. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आतून शिजतं आणि फुटतं. लांब चिमट्याने दे. जाडी सापाच्या सगळ्यात रुंद भागाएवढी किंवा किंचित जास्त. पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी. खाल्ल्यावर ४८ तास उचलायचं नाही. ओकलं तर बहुधा पेटी थंड होती किंवा तू घाई केलीस. पुढचं खाणं किमान दहा दिवसांनी, आधीपेक्षा लहान.

नागपंचमीला आजीला फोन करशील तेव्हा सापाचा विषय निघेल आणि ती दुधाचं विचारणार. साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही. हे तिला मी चाळीस वर्षांत पटवू शकले नाही, तूही वाद घालू नकोस.

सापाची भांडी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुवायची नाहीत, आणि सापाला हात लावल्यावर दरवेळी साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला हा आजार करणारा जंतू त्यांच्या आतड्यात सहज असतो. डेटॉल आणि फिनेल पेटीच्या आसपासही नकोत, सरपटणाऱ्या प्राण्यांना ते विषारी ठरतात. एफ१० नावाचं जंतुनाशक तिकडे मिळतं, ते पातळ करून वापर. त्याच खोलीत उदबत्ती लावू नकोस, आणि फोडणी देताना दार लावून घे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाला फेस, मान वर करून बसणं, यातलं काही दिसलं तर आकडे तपास आणि त्याच दिवशी सापांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखव. असा डॉक्टर तुझ्या गावात कोण आहे, हे आत्ताच शोधून ठेव. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप बघत नाही.

जोडीला दुसरा साप आणू का, असं तू शेवटी विचारलंयस. नको. त्याला सोबत लागत नाही. दोघं एकत्र दिसतात ते मैत्रीने नाही, चांगली जागा एकच असते म्हणून.

पेटी आली की थर्मोस्टॅटची तार कुठे बसवलीस त्याचा फोटो पाठव, आणि आठवड्याचे आकडे. काचांमधल्या फटीत पेन्सिल घालून बघितलीस का, तेही लिही.

तुझी,
आई