दादांची पाटी

हॅमिल्टन, स्कॉटलंड,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय संज्या,

दिवाळीनंतर माझा एक फोन नाही, हे तू मनाला लावून घेतलंस असं ताई म्हणाली. बरोबर आहे तुझं. मीही रोज उद्यावर ढकलत राहिलो आणि मग इतके दिवस झाले की फोन लावायची लाज वाटायला लागली. तब्येती ठीक. माझी पाठ बरी आहे, मनीषाची थायरॉइडची गोळी चालू आहे. एवढंच.

पत्रास कारण घर. आम्ही ब्लँटायरला एक घर बघितलंय. हॅमिल्टनच्या शेजारीच, क्लाइड नदीच्या काठाला. मागे अंगण आहे, स्टेशन चालत दहा मिनिटांवर, ग्लासगोची गाडी वीस-पंचवीस मिनिटांत पोचवते. मनीषाला पसंत आहे. आर्यने तर आपल्या खोलीचा रंगही ठरवून टाकलाय. सही मीच करत नाहीये, तीन आठवडे झाले. मनीषा विचारते काय झालं, आणि मला सांगता येत नाही. तुला सांगता येईल, कारण तू त्या दिवशी तिथे होतास.

इकडे घर घेताना वकील कोळशाच्या खाणींचा अहवाल मागवतो. घराखाली कधी खाणकाम झालंय का, जवळपास खाणीत उतरायचा जुना, बुजवलेला उभा बोगदा आहे का, अशी माहिती त्यात असते. आमच्या अहवालात खाली जुनं काम झालंय असं आलं. वकील म्हणाला, या भागात सगळ्यांचं हेच येतं, बँक कर्ज देते, काळजी करू नका. जमीन खचेल ही काळजी मला नाहीच रे. पण त्या रात्री खाली काय झालं होतं ते शोधत बसलो, आणि तिथेच अडकलो.

ब्लँटायरला आता कागदोपत्री शहर म्हणतात, पण मला ते मोठं गावच वाटतं. सतरा-एक हजार वस्ती, आणि त्यातही हाय ब्लँटायर वेगळं, लो ब्लँटायर वेगळं, आपल्याकडे खालची आळी-वरची आळी असते तसं. तेराव्या शतकात नदीकाठच्या कड्यावर एक मठ होता, त्याच्या थोड्या भिंती उरल्यात. समोरच्या तीरावर बॉथवेलचा लाल दगडाचा किल्ला. बाकी सगळी शेती. मग १७८५ मध्ये डेव्हिड डेल आणि जेम्स माँटीथ यांनी नदीच्या पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली आणि तिच्याभोवती कामगारांच्या चाळी उठल्या. त्यातल्या शटल रो नावाच्या चाळीत चोवीस कुटुंबं, एकेका खोलीत एकेक. अशाच एका खोलीत, साधारण चौदा फूट बाय दहा फूट, १८१३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन, पुढे आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी, जन्मला. दहाव्या वर्षी तुटलेले धागे सांधायला गिरणीत लागला, सकाळी सहा ते रात्री आठ. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिनचं व्याकरण विकत घेतलं आणि सूतकताईच्या यंत्रावर पुस्तक उघडं ठेवून येता-जाता एकेक वाक्य वाचायचा. तू भूमितीचं पुस्तक कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं होतंस ते आठवून मी तिथल्या त्याच्या संग्रहालयात एकटाच हसलो. पहारेकरी बघत होता.

पण माझं अडलंय ते गिरणीपाशी नाही, कोळशापाशी. १८७० नंतर विल्यम डिक्सन कंपनीने तिथे खाणी खोदल्या आणि दहा वर्षांत वस्ती जवळजवळ तिप्पट झाली. आयर्लंडमधून माणसं आली, पुढे लिथुएनियातूनही. कंपनीने त्यांच्यासाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या. काम आहे तोवर खोली. ओळखीचं वाटतंय ना?

२२ ऑक्टोबर १८७७, सोमवार सकाळ. दोन आणि तीन नंबरच्या खाणीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. २०७ माणसं गेली. स्कॉटलंडच्या खाणींतला आजवरचा सगळ्यात मोठा अपघात. सगळ्यात लहान मुलगा अकरा वर्षांचा, आपल्या आर्यएवढा. मागे ९२ विधवा आणि २५० पोरकी मुलं राहिली. दोन वर्षांच्या आत, जुलै १८७९ मध्ये, एक नंबरच्या खाणीत पुन्हा स्फोट झाला, आणखी २८ गेले.

हे सगळं मी एका दमात वाचलं. पुढची ओळ वाचून मात्र उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. नवरे गेल्यावरही ज्या चौतीस बायकांनी खोल्या सोडल्या नव्हत्या, त्यांच्यावर कंपनीने दावे लावले. २८ मे १८७८ ला त्यांना बाहेर काढलं. स्फोटाला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. नवरा ज्यांच्या खाणीत मेला, त्यांनीच दारात बेलिफ उभा केला.

दादा गेल्यावर कारखान्याची खोली सोडायला आपल्याला किती महिने मिळाले होते, आठवतं? चार. दादांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं. कारखान्याचा तो बाबू दारात उभा राहून 'वहिनी, माझाही नाइलाज आहे' म्हणाला होता आणि आईने त्याला चहा दिला होता. त्या चहावरून मी आईशी किती भांडलो! आता वाटतं, तिने चहा दिला तो स्वतःच्या घरात आहोत हे शेवटचं दाखवायला. तुझ्या मामांचा टेम्पो, आईच्या शिलाई मशीनवर टाकलेली गादी, आणि पावसात तू मागे उभा राहून कपाट धरलेलं. कॉलनीतल्या एकाही दारातून कुणी बाहेर आलं नाही, कारण सगळ्यांच्या खोल्या कारखान्याच्याच होत्या. मी त्यांच्यावर पंधरा वर्षं राग धरला. त्या चौतीस बायकांच्या शेजारणींनी काय केलं असेल, हे रोज मनात येतं. त्यांचेही नवरे त्याच कंपनीत होते.

म्हणून सही होत नाही. माझ्या नावाचं पहिलं घर, आणि ते नेमकं त्या जमिनीवर. बरं, आई म्हणते, 'कुठेही घे, पण कागद तुझ्या नावाचा असू दे.' तिला मी खाणीचं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. आणि दुसरी गोष्ट, ती तर तिला मुळीच नको. इथे घर घेतलं म्हणजे परत येणार नाही, असंच होतं ना रे? तू विमानतळावर म्हणाला होतास, 'पाच वर्षं म्हणतोयस, पंचवीस होतील.' मी तेव्हा तुझ्यावर उखडलो होतो. अकरा तर झालीच.

आता तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवलीय. त्याच संग्रहालयात मला नाशिक भेटलं! लिव्हिंगस्टन आफ्रिकेत १८७३ मध्ये मेला. त्याच्या सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं आणि देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला. काळीज पुरताना प्रार्थना वाचणारा आणि त्या झाडावर नाव-तारीख कोरणारा जेकब वेनराइट कुठे शिकला होता माहितेय? आपल्या शरणपूरला. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनने तिथे ठेवलं होतं. तो शवपेटीबरोबर इंग्लंडला आला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा देणाऱ्यांत होता. त्याच्या हातची रोजनिशी या ब्लँटायरच्या संग्रहालयाकडे आहे. लिव्हिंगस्टन स्वतःही मुंबईत आला होता, १८६४ मध्ये झांजिबारहून छोटी आगबोट हाकत. पुढच्या वर्षी परत आला आणि निघताना नाशिकची नऊ मुलं बरोबर घेऊन गेला.

शरणपूर रोडवरून आपण कॉलेजला सायकली हाणल्या त्या सगळ्या वर्षांत हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. त्या मुलांना घर कुठलं होतं रे? जिथून पळवलं तिथलं, की नाशिकचं? मी त्या रोजनिशीच्या कपाटासमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा वाटलं की या गावात माझं काहीतरी आधीपासून आहे. मनीषाला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, 'मग आता तरी सही कर.'

गिरणी १९०४ ला बंद पडली, पुढे खाणीही एकेक करून मिटल्या. रांगा पाडल्या, कौन्सिलची घरं आली, शेजारी ईस्ट किलब्राइड नवं शहर उभं राहिलं, माणसं तिकडे कामाला जायला लागली. हाय ब्लँटायरच्या चौकात खाणकामगारांचं स्मारक आहे. गेल्या शनिवारी आर्यला घेऊन गेलो. तो अकरा वर्षांच्या मुलाचं ऐकून गप्प झाला, मग विचारलं, 'त्याच्या आईला पण घर सोडायला लागलं?' मला माहीत नव्हतं.

तुझं बोलायचं राहिलंच. अवकाळीने बागेचं किती गेलं? पंचनामा झाला का? सईच्या बारावीला माझ्याकडून आशीर्वाद, तिला म्हणावं फिजिक्सला तुझ्या बापाकडे जाऊ नकोस. बीपीची गोळी रोज घे, अलकावहिनींना विचारून खात्री करणार आहे.

आणि पाटीचं. दादांची दारावरची पाटी क्वार्टरलाच राहिली म्हणून मी तुझ्याशी दोन वर्षं नीट बोललो नव्हतो. मागच्या महिन्यात वहिनी बोलता बोलता म्हणाल्या की तू नंतर एकदा रात्री जाऊन ती काढून आणलीस आणि ती तुझ्या गोठ्यातल्या फळीवर आहे. इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस! मी भांडत होतो आणि तू ऐकून घेत होतास.

वकिलाला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. पाटी पुसून, कापडात गुंडाळून कुरिअरने पाठव. स्क्रूचं डावीकडचं भोक मोठं झालंय म्हणे, तर त्या मापाचे स्क्रूही टाक, इथे ते माप मिळायचं नाही.

तुझा,
पक्या