‘क्युरेटिंगचं बिल कोणाचं?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. गर्भपाताची केस असली की ओटी रजिस्टरमध्ये बाईचं नाव लिहायचं नाही, नुसता क्रमांक आणि वर्ष लिहायचं. नाव असे ते फक्त भरतीच्या रजिस्टरात, आणि त्या कपाटाची किल्ली डॉक्टर मॅडमच्या पर्समध्ये. संमतीपत्र पाकिटात घालून, पाकीट चिकटवून वर ‘गोपनीय’ लिहायचं. नवीन मुली सवयीने नाव लिहीत आणि बोलणी खात. ही काही मॅडमची लहर नव्हती. केसपेपर, ओटी रजिस्टर, फॉलोअप कार्ड यांवर नाव नको, असं २००३ च्या गर्भपात नियमावलीतच आहे.

आता रजिस्टरशेजारी संगणक आलाय. भरती करताना मोबाईल नंबर विचारतात. बाई नवऱ्याचा नाहीतर दिराचा सांगते. मग सोनोग्राफीचा रिपोर्ट त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिलाचा मेसेजही तिथेच.

मध्यंतरी एका नातलग बाईंसोबत खासगी रुग्णालयात गेले होते. काउंटरवरून आवाज आला, ‘क्युरेटिंगचं बिल कोणाचं?’ क्युरेटिंग म्हणजे गर्भपिशवी साफ करणं. बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. एक मुलगी जागची हलली नाही, तिच्या आईने जाऊन पैसे भरले.

कायदा आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली ५-अ कलम आलं. बाईची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सज्ञान बाईला नवऱ्याची सहीसुद्धा लागत नाही. मग रिपोर्ट त्याच्या फोनवर का? पण कलम बोलतं ते डॉक्टरबद्दल. काउंटरवरचा पोरगा, मेडिक्लेमची फाइल कोपऱ्यावर झेरॉक्सला नेणारा वॉर्डबॉय, यांना कोण विचारणार?

‘एवढं काय लपवायचं?’ असं म्हणणारेही भेटतात. गावात बोभाटा होईल या धाकाने मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊन, अंगावरून जाणं थांबेना म्हणून रात्री आणलेल्या पोरी त्यांनी पाहिलेल्या नसतात.

तपासणीला येणारं पथक रजिस्टर बघतं, तसा संगणकही बघावा. बिलावर नावाऐवजी क्रमांक छापावा. आणि भरतीच्या वेळी बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारावं, रिपोर्ट कोणाच्या फोनवर पाठवू? कोणाच्याच नको म्हणाली तर कागद तिच्या हातात द्यावा.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा