पाळक म्हणेल ती पूर्व दिशा नव्हे

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

विश्वस्त संस्थांच्या कारभारावर गेल्या आठवड्यात आपण छापलेल्या पत्रात एका वाचकांनी जाता जाता लिहिले आहे, की चर्चमध्ये पाद्री म्हणेल ती पूर्व दिशा, तिथे कसले मतदान! हे वाक्य इंदूरच्या माणसाने लिहावे याचे मला फार वाईट वाटले. १८७७ साली इथे आलेले आणि पुढे ख्रिश्चन कॉलेज काढणारे मिशन कॅनडाच्या प्रेसबिटेरियन, म्हणजे त्या नावाच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, चर्चचे होते. एका माणसाच्या हाती कारभार द्यायचा नाही, यावरच तर त्या पंथाची सगळी उभारणी आहे.

माझे बाबा सांगलीकडच्या एका मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, एल्डर (वडीलधारे पदाधिकारी) होते. पेशाने शाळामास्तर. सभासदांनी निवडून दिलेले एल्डर आणि पाळकसाहेब (पाद्री) मिळून सेशन, म्हणजे मंडळीची कारभारी सभा, व्हायचे, आणि ते पुष्कळदा आमच्याच ओसरीवर बसायचे. बाबा चिटणीस होते. जाड पुठ्ठ्याच्या वहीत, टाकाने, ‘मागील सभेचे वृत्त वाचून कायम केले’ हे पहिले वाक्य लिहिल्याशिवाय ते दुसरा विषय घेऊ देत नसत. मग छपराची कौले, विधवांसाठीचा निधी, दोन भावांचा तंटा, प्रभुभोजनाच्या विधीआधी कुणी कुणाच्या घरी भेट द्यायची. पाळकांची सूचना फेटाळली गेल्याचीही नोंद त्या वहीत आहे, खाली त्यांच्याच सहीनिशी.

सेशनचा निर्णय पटला नाही तर साध्या सभासदालाही वर प्रेसबिटरीकडे, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या एकत्रित सभेकडे, जाता येते. पूर्वापार रचनेत त्यावर सिनॉड, म्हणजे अनेक प्रेसबिटरींची सभा, आणि शेवटी जनरल असेंब्ली, म्हणजे सगळ्या चर्चची सर्वोच्च सभा. प्रेसबिटरीत पाळक आणि एल्डर साधारण सारख्या संख्येने बसतात. पाळकाला जाब विचारणारी हीच सभा, कुणी एक वरिष्ठ साहेब नव्हे. जिथे ही पद्धत पक्की रुजली त्या स्कॉटलंडमध्ये असेंब्लीचा मॉडरेटर (सभाध्यक्ष) एका वर्षापुरताच असतो. मला सर्वांत आवडतो तो तिथला १६९७ चा नियम: असेंब्लीला कायमचा बदल करायचा असेल, तर ठराव आधी सगळ्या प्रेसबिटरींकडे जायचा आणि निम्म्याहून अधिकांनी मान्य केला तरच पुढे सरकायचा. वरच्यांनी खालच्यांना विचारल्याशिवाय कायदा नाही!

हे सारे एका दिवसात झालेले नाही. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने १५४१ साली जिनिव्हात पाळक, शिक्षक, एल्डर आणि डीकन (गरिबांची मदत पाहणारे) अशी चार पदे ठरवली, पण तिथले एल्डर शहराच्या परिषदांमधूनच घेतले जात. फ्रान्सच्या कॅल्व्हिनपंथी मंडळ्यांनी १५५९ मध्ये पॅरिसला लपूनछपून पहिला राष्ट्रीय सिनॉड भरवला. पकडले जाण्याची धास्ती असताना जमलेल्या त्या माणसांनी नियम काय केला, तर कुठल्याही मंडळीने दुसरीवर वर्चस्व गाजवायचे नाही. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारक अँड्र्यू मेल्व्हिलच्या पिढीने ही घडी नीट बसवली, १५९२ साली तिथल्या संसदेने तिला मान्यता दिली. पण राजाला आपल्या मुठीतले बिशप, म्हणजे पाळकांवरचे वरिष्ठ धर्माधिकारी, हवे होते. त्या झगड्यात जवळजवळ शंभर वर्षे गेली आणि १६९० मध्ये ही पद्धत कायम झाली.

तरी जमीनदारांचा हात सुटला नाही. मंडळीचा पाळक जमीनदाराने नेमावा असा कायदा १७१२ ला आला. त्यातून चिघळत गेलेला वाद १८४३ मध्ये फुटला आणि साडेचारशेहून अधिक पाळक पगार आणि राहते घर सोडून स्कॉटलंडच्या चर्चमधून बाहेर पडले. मुंबईतून स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सनही त्यांनाच जाऊन मिळाले. विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे. आपला पाळक निवडण्याचा हक्क सभासदांचा, एवढ्यासाठी बायकामुलांसह बेघर झालेल्या या माणसांपुढे ‘कसले मतदान’ हा प्रश्न कसा टिकेल?

या पद्धतीत मोठी खोट होती, तीही सांगते. बाबांच्या सेशनमध्ये एकही बाई नव्हती. निधीतून मदत कुणाला खरोखर हवी हे आईला सर्वांहून जास्त ठाऊक असे, पण ती चहाचे कप ठेवून आत यायची. स्कॉटलंडच्या चर्चनेही स्त्रियांना एल्डर होऊ दिले ते १९६६ साली. माणसामाणसांत उच्चनीच मानायचे नाही म्हणणाऱ्यांना एवढा काळ लागावा, याचा मला आजही राग येतो.

१९७० साली नागपूरला सहा चर्चसंस्थांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, आणि आमच्या परंपरेत बिशप आले. पण त्यांच्या जोडीला निवडून आलेल्या समित्या आणि सिनॉड राहिले, आणि सिनॉडच्या प्रमुखाला आजही मॉडरेटरच म्हणतात.

माझी विनंती त्या वह्यांबद्दल आहे. माळव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या जुन्या मंडळ्यांची मराठी-हिंदी वृत्ते कपाटांत, माळ्यांवर पडून आहेत. एका ठिकाणी रंगकामाच्या वेळी असा गठ्ठा रद्दीत गेल्याचे मला नंतर कळले. तोवर दुकानदाराने माल पुढे पाठवला होता. शिकलेसवरलेले आणि न शिकलेले लोक एका सतरंजीवर बसून मताने निर्णय घेत होते, याचा त्यांच्याच अक्षरातला तो पुरावा होता. ज्यांच्या घरी एल्डर किंवा चिटणीस होऊन गेले, त्यांनी आजीआजोबांच्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात, पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि वही मंडळीच्या कार्यालयात पोच घेऊन जमा करावी. पावसाळ्याआधी झाले तर फार बरे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, इंदूर