मोका पॉटला ‘घरगुती एस्प्रेसो यंत्र’ म्हणू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कॉफीविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जो मजकूर येतो, त्यात शेगडीवर ठेवायच्या मोका पॉटचा, म्हणजे खालच्या टाकीतले पाणी मधल्या वाटीतील पुडीतून वरच्या भांड्यात चढवणाऱ्या कॉफीच्या भांड्याचा, उल्लेख बहुधा ‘घरगुती एस्प्रेसो यंत्र’ असा केलेला असतो. एस्प्रेसो म्हणजे दाबाखाली गरम पाणी पुडीतून ढकलून काढलेली दाट कॉफी. प्रश्न केवळ शब्दाच्या काटेकोरपणाचा असता तर मी पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो. परंतु या नावामुळे भांडे निवडताना आणि वापरताना ज्या चुका होतात, त्या मी स्वतः बराच काळ इमानेइतबारे केल्या आहेत.

हे नाव सुरुवातीला खोटे नव्हते, हे आधी मान्य करायला हवे. इटलीतील पिएमोन्ते प्रांतात, क्रुसिनालो येथे अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे भांडे तयार झाले, तेव्हा उपाहारगृहांतील एस्प्रेसोही वाफेच्याच जोरावर काढली जात असे आणि तो दाब फार तर दीड बारच्या आसपास असे (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा). मोका पॉटमधला दाबही साधारण तेवढाच असल्याने दोन्ही पेयांत फारसे अंतर नव्हते. पुढे १९४८ च्या सुमारास आकिले गाज्जिया यांची तरफेची यंत्रे बाजारात आली, दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला, कपात सोनेरी फेसाचा दाट थर दिसू लागला आणि एस्प्रेसो या शब्दाचा अर्थच पालटला. मोका पॉट होता तिथेच राहिला. नाव मात्र जुनेच चालू राहिले.

एस्प्रेसो म्हटले की पूड अगदी बारीक हवी आणि ती दाबून बसवायला हवी, असे ओघानेच मनात येते. मीही चमच्याच्या पाठीने पूड ठासून भरत असे. नऊ बारचा दाब तो थर भेदू शकतो. दीड बारचा दाब तिथे अडखळतो. पाणी खालीच तापत राहते, कॉफी थेंबाथेंबाने आणि करपट कडू उतरते आणि अडथळा फारच झाला तर वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. तसा फुत्कार मी एकदा अगदी जवळून ऐकला आहे. पूड एस्प्रेसोपेक्षा जाडसर, साधारण बारीक मिठाएवढी असावी. ती नरसाळ्याच्या वाटीत काठोकाठ भरावी, बोटाने सपाट करावी आणि दाबू मात्र नये. काठावर सांडलेले कण पुसून घ्यावेत, कारण ते रबरी रिंगेखाली अडकले की आट्यांतून पाणी झिरपते.

भांड्याच्या आकाराबाबतची फसगत तर खरेदीच्या वेळीच होते. ‘तीन कपांचा’ या शब्दांतील कप हा एस्प्रेसोचा इवलासा कप असतो. अशा पॉटमधून सुमारे १३० ते १५० मिलिलिटर कॉफी निघते, म्हणजे एका माणसाचा एक बरा पेला. हे लक्षात आल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून सहा किंवा नऊ कपांचे भांडे घेतो. परंतु यात अर्धी वाटी भरून अर्धी कॉफी करण्याची सोय नाही. पुडीचा थर पातळ राहिला की पाण्याला पुरेसा विरोध होत नाही, ते वाट मिळेल तिथून निसटते आणि कॉफी एकाच वेळी पाणचट व कडवट होते. म्हणून रोज जेवढी प्यायची तेवढ्याच मापाचे भांडे घ्यावे, आणि पाहुणे आले तर दोनदा करावी.

धातूविषयी थोडक्यात सांगतो. इंडक्शन शेगडी असेल तर साधे ॲल्युमिनियमचे भांडे त्यावर तापतच नाही. त्यासाठी योग्य तळाचे स्टीलचे भांडे पाहावे. बाकी चवीत मला तरी फरक जाणवलेला नाही.

पाणी गरम घ्यावे की गार, यावर कॉफीवाले हिरिरीने भांडतात. खालच्या टाकीत पाण्यावर थोडी हवा कोंडलेली असते. तापताना ती फुगते आणि पाण्याला वर ढकलते, त्यामुळे उकळी फुटण्याच्या बरेच आधी पाणी पुडीतून जाऊ लागते. भरतानाच पाणी कडकडीत असेल तर ही हवाही आधीच तापलेली असते, तिला फुगायला फारसा वाव उरत नाही आणि पाणी अधिक तापल्यावरच वर चढते. म्हणून हलक्या भाजलेल्या बियांसाठी गरम पाणी आणि काळपट भाजलेल्यांसाठी साधे पाणी, असा माझा शिरस्ता आहे. गरम पाणी घेतल्यास टाकी फडक्याने धरून आटे आवळावेत. पाण्याची पातळी मात्र दोन्ही वेळा व्हॉल्व्हच्या खालीच हवी.

आच मंद आणि तळाच्या परिघाबाहेर न जाणारी असावी, नाहीतर मूठ वितळते. झाकण उघडे ठेवून पाहावे: धार आधी गडद येते, मग मधासारखी पिवळसर होते, आणि फसफस सुरू होण्याच्या बेतात असते तेव्हाच भांडे उतरवावे. फसफस म्हणजे कॉफी तयार झाल्याची खूण, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक तेव्हा पुडीतून वाफ जात असते आणि कडवटपणा तिथेच येतो.

जुना तेलकट थर राहू दिल्याने चव सुधारते, हे मला पटत नाही; ते तेल खवट होते. सौम्य साबणाने हाताने धुवावे, डिशवॉशरमध्ये घालू नये, कारण त्यात ॲल्युमिनियम काळे पडते, आणि सगळे भाग सुटे ठेवून वाळवावेत. रिंग कडक झाली की बदलावी. व्हॉल्व्हची मधली पिन हलते की नाही हे अधूनमधून बोटाने दाबून पाहावे, आणि भांडे शेगडीवर ठेवताना त्या व्हॉल्व्हचे तोंड आपल्याकडे न ठेवता भिंतीकडे ठेवावे.

आपला,
एक वाचक