विकास शुल्क जमा होतं, पण खर्च कुठं होतो ते कळू दे की

संपादक साहेब, नमस्कार.

कोल्हापुरात रस्ता खराब, ड्रेनेज नाही असं कुणी म्हणलं की पहिलं उत्तर ठरलेलं, निधी नाही. पण घर बांधायला परवाना काढताना जो पैसा भरून घेतात त्याचं काय, हे कोण विचारतच नाही. आमच्या एका पाहुण्यांनी परवा घराचा परवाना काढला, त्यांचं चलन बघितलं तर जमिनीचं विकास शुल्क वेगळं, बांधकामाचं वेगळं, छाननी फी, अनामत, वर 1 टक्का कामगार उपकर (हा मात्र बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाला जातो, महापालिकेला नाही). रहिवासी घराला रेडीरेकनरमधल्या (सरकारनं ठरवलेल्या) जमिनीच्या दराच्या अर्धा टक्का प्लॉटच्या क्षेत्रावर आणि 2 टक्के बांधकामाच्या क्षेत्रावर, दुकानगाळ्यांना त्याच्या डबल. म्हणजे दर चौरस मीटरला 20,000 धरला, 200 मीटरचा प्लॉट आणि 150 मीटर बांधकाम, तर 80,000 रुपये नुसतं विकास शुल्कच झालं. अपार्टमेंट असलं तर प्रीमियम एफएसआयचे (जादा बांधकामाच्या परवानगीचे) पैसे आणि वेगळे, आणि बिल्डर ते काय खिशातनं घालत नाही, फ्लॅटच्या रेटमध्ये आपल्याकडनंच काढतो.

आता हा पैसा भरून कुठल्याही उपनगरात सात मजली बिल्डिंग उभी राहते, चाळीस-पन्नास कुटुंबं येतात, आणि समोरची ड्रेनेज लाईन मात्र बंगल्यांच्या काळातली किंवा लाईनच नाही, सांडपाणी सरळ नाल्यात. मग ते पाणी जयंती नाल्यातनं पंचगंगेला जातंय म्हणून आपणच बोंब मारतो.

नगररचना कायद्यात 1992 ला हे शुल्क घातलं तेव्हाच लिहिलंय की याचा स्वतंत्र विकास निधी करायचा आणि सार्वजनिक सुविधा आणि देखभालीवरच खर्चायचा. चांगलंय, पण ज्या गल्लीतनं पैसा आला त्याच गल्लीत खर्च करा असं बंधन नाही, आणि देखभाल म्हणजे त्यात काहीही बसतं. माझ्या मते खरी गोम इथंच आहे. पैसा खाल्ला असं माझं म्हणणं नाही, पण हिशोब दिसल्याशिवाय खाल्ला नाही असं तरी कुणी कसं सांगायचं? नोव्हेंबर 2020 ला महापालिका सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक, म्हणजे सभेत उभं राहून विचारायला नगरसेवकपण नव्हता. त्यात 2021 ला सरकारनं बिल्डरांना प्रीमियममध्ये 50 टक्के सूट दिली ते वेगळंच.

हद्दीबाहेर तर अजून घोळ. 2017 ला शहराभोवतीच्या 42 गावांचं विकास प्राधिकरण झालं, परवाना आणि शुल्क तिकडं, पण पाणी, कचरा, गटर बघायचं ग्रामपंचायतीनं. पाचगाव, उचगावकडं बिल्डिंगा बघा किती झाल्यात. सरपंचाला विचारलं तर तो प्राधिकरणाकडं बोट दाखवणार.

मागणी लई मोठी नाही. प्रभागवार किती विकास शुल्क आलं आणि त्यातनं कुठलं काम केलं, एवढा तक्ता दरवर्षी वेबसाईटवर टाकावा, प्राधिकरणानं गाववार टाकावा. परवाने आता ऑनलाईनच आहेत, आकडे कॉम्प्युटरमध्ये पडूनच आहेत. आणि साहेब, बजेटच्या बातमीत नगररचना विभागाची जमा एका ओळीत येते, यंदा तुमच्या बातमीदारानं त्यातनं झालेला खर्चपण विचारून छापावा ही विनंती.

आपला नियमित वाचक,
कोल्हापूर