नाना, दहाही बोटं शाबूत आहेत, त्याबद्दल थँक यू

नमस्कार नाना,

हे फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे ऐकून घ्यावंच लागेल.

अंकलेश्वरकडच्या तेलविहीर खोदायच्या त्या जुन्या केलीवाल्या रिगवर (केली म्हणजे खालचा पाईप फिरवणारा कोनदार दांडा) मी फ्लोअरमन, म्हणजे रिगच्या फ्लोअरवरचा कामगार, म्हणून लागलो तेव्हा ब्रेकवर, म्हणजे ड्रिलर, तुम्ही असायचात. हेल्मेट, बूट, परमिट सगळं ट्रेनिंगमध्ये झालं होतं, पण केली फिरवणाऱ्या त्या फिरत्या रोटरी टेबलाजवळ उभं राहायचं म्हणजे नक्की काय ते कोणी सांगितलं नव्हतं. बाकीचे ड्रिलर नुसते ओरडायचे, "ए, लांब हो!" तुम्ही मला डॉगहाऊसमध्ये, म्हणजे फ्लोअरलगतच्या खोलीत, बोलावून टॅलीच्या (पाईपच्या मोजणीच्या) कागदामागे हिशोब मांडून दिलात. केली बुशिंगचा, म्हणजे टेबलात बसून केलीला फिरवणाऱ्या भागाचा, घेर पाच-सहा फूट धर, टेबल 100 आरपीएमला आहे, म्हणजे सेकंदाला दीड फेरीच्या वर, म्हणजे एखादी दोरी नाहीतर बाही त्यात अडकली तर एका सेकंदात आठ-दहा फूट गुंडाळली जाणार, आता सांग तू ओरडणार कधी, मला ते ऐकू येणार कधी आणि मी क्लच सोडणार कधी. त्या दिवसापासून मला टेबल वेगळंच दिसायला लागलं खरंच.

मग अंगठी, गळ्यातली चेन, कडं सगळं लॉकरमध्ये. माझ्या मनगटावरचा देवाचा धागा तेवढा कापायला जीव होत नव्हता तर तुम्ही म्हणालात कापू नको, सोड आणि पाकिटात ठेव, देव तिथेही असतो. (माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिला तुम्ही लगेच आवडलात.) आणि पावसाळ्यातले ते रेनकोट! सगळ्यांना वाटायचं रेनकोट म्हणजे सेफ्टीच की, पण वाऱ्यावर फडफडणारा ढगळ रेनकोट घालून कोणी केलीजवळ आला की तुम्ही टेबल थांबवायचात आणि तो माणूस आत जाऊन अंगाबरोबरचा घालून येईपर्यंत चालूच करायचा नाहीत.

विहिरीत ड्रिलिंगचा चिखल ढकलणाऱ्या मड पंपाचंही तसंच. लायनर (पंपाच्या सिलिंडरमधली नळी) बदलायचा असला की ज्याचा ज्याचा हात आत जाणार त्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात, एकाच्या कुलपावर चौघांनी काम करायचं नाही. कुलूप लावून झालं की प्रेशर सोडलंय ना ते गेजवर बघायचं आणि मग स्टार्ट करून बघायचं, चालू होत नाही ना याची खात्री, मगच गार्ड काढायचा. तेव्हा मला हे फार लांबण वाटायचं. आता माझ्या क्रूला मीच हे करायला लावतो आणि ते माझ्याकडे तसंच बघतात.

सगळ्यात भारी म्हणजे तुम्ही उलट्या टॉर्कचं समजावलंत ते. स्ट्रिंग, म्हणजे विहिरीतला सगळा जोडलेला पाईप, खाली अडकलेली, वरून टेबल पीळ देतंय, आणि दोन-अडीच किलोमीटरचा पाईप पिळलेल्या चऱ्हाटासारखा तो पीळ पोटात धरून बसलाय. अशा वेळी क्लच नुसता सोडून दिला तर टेबल उलटं गरगरणार, बुशिंग उडून बाहेर येऊ शकतं. म्हणून आधी फ्लोअर रिकामा करायचा आणि मग पीळ हळूहळू, ब्रेकने सोडायचा. टेबल थांबलेलं दिसलं तरी स्ट्रिंगमध्ये पीळ असतो, हे मला पुस्तकात वाचून कळलं नसतं.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण ती रात्रपाळी. ड्रिलिंग चालू होतं आणि बाहेरच्या पार्टीचा, म्हणजे कंत्राटदाराचा, एक मुलगा पाण्याची होज घेऊन टेबलाभोवतीचा चिखल धुवायला लागला, होजचं वेटोळं केलीच्या इतकं जवळ की माझ्या पोटात गोळाच आला. त्या आवाजात हाक मारून उपयोग नव्हता, मी तुमच्याकडे बघून हात आडवे केले. तुम्ही का, कशाला काही न विचारता बिट (पाईपच्या टोकाचं खोदायचं हत्यार) विहिरीच्या तळावरून उचलून टेबल बंद केलंत. त्या पार्टीचा साहेब धावत आला, रिगचा वेळ काय फुकट आहे का, या पोराला कोणी अधिकार दिला वगैरे. तुम्ही म्हणालात, "मी दिला." एवढंच. आणि सकाळच्या रिपोर्टात ती वेळ गोलमाल न करता लिहिलीत, फ्लोअरमनने खूण केल्यावरून रोटरी थांबवली, शेजारी माझं नाव.

काम थांबवायचा हक्क सगळ्यांना आहे असं छापलेली कार्डं आता सगळीकडे वाटतात, पण खरोखर थांबवणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते फ्लोअरवरच्यालाच माहीत. त्या एका ओळीमुळे पुढे मी कधी थांबवायला लाजलो नाही.

आता मी मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात जॅक-अप रिगवर (समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी रिग) आहे, किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटर. इथे टेबल-केलीऐवजी वरून पाईप फिरवणारी मोटर, म्हणजे टॉप ड्राईव्ह आहे, पाईप फिरवायची चेन नाही, पाईप जोडायला आयर्न रफनेक नावाचं मशीन, रेड झोनमध्ये, म्हणजे धोक्याच्या आखलेल्या जागेत, विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. तुम्ही बघितलं तर म्हणाल ही काय रिग आहे का हॉस्पिटल. पण ड्रॉवर्क्स (पाईप वर-खाली करणारा मोठा विंच), पंप फिरतातच, आणि टॉप ड्राईव्ह डोक्यावर फिरत असल्याने नवीन पोरांचं तिकडे लक्षच जात नाही. त्यांना मी तुमचाच हिशोब टॅलीच्या कागदामागे मांडून दाखवतो, सोडवायला त्यांनाच लावतो.

दिवाळीनंतर सुट्टीवर उतरलो की नंदुरबारला येतोय. काकूंना सांगा मिरची कुरियरने पाठवू नका, मागच्या वेळी पाकीट फुटून सगळ्या बिल्डिंगला शिंका आल्या, यावेळी मीच घेऊन जाईन.

तुमचा,
रात्रपाळीचा फ्लोअरमन