कोल्हापूरच्या ट्रेलरवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमची गाडी एमएच ०९ ची होती, एवढंच मला माहीत. नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. ओळखीच्या कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवावं.

तुम्ही इंदुरात देवास नाक्याच्या आमच्या गोदामात माल उतरवायला आलात, त्याच्या दोनच दिवस आधी माझी फोर्कलिफ्ट अडकली होती. सलाईनच्या बाटल्यांचं पॅलेट घेऊन रिव्हर्समध्ये ट्रेलरमधून बाहेर येत होतो, तेवढ्यात डॉकची प्लेट, म्हणजे माल उतरवायचा ओटा आणि ट्रेलर यांच्यामधली फट झाकणारी प्लेट, निसटली आणि मागचं चाक फटीत बसलं. मला लागलं नाही, पण बोलणी भरपूर खाल्ली. गाडी हाताळता येत नाही म्हणाले, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. ट्रेलर पुढे सरकला म्हणावं, तर हॅन्डब्रेक लावलेला ट्रेलर आपोआप पुढे जाईल कसा?

तुमच्या गाडीजवळ उभा राहून मी भावाला फोनवर हेच सांगत होतो. मराठी ऐकून तुम्ही खाली उतरलात. काही न बोलता खडूने टायरवर एक रेघ मारलीत, तिच्या सरळ खाली फरशीवर दुसरी, आणि म्हणालात, "सहा पॅलेट काढ, मग बघ."

सहा पॅलेट काढली. दोन रेघांमध्ये दोन बोटांचं अंतर पडलं होतं.

मग तुम्ही मला गाडीखाली वाकायला लावून बलून दाखवलेत, म्हणजे स्प्रिंगच्या जागी गाडीचा भार पेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या. फोर्कलिफ्ट रिकामी असली तरी साडेतीन-चार टनांची. ती आत गेली की बलून दबतात, बाहेर आली की फुगतात, आणि उंची सारखी ठेवायला व्हॉल्व्ह हवा भरत-सोडत राहतो. अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, आर्मवर टांगलेला आणि आर्म पुढच्या टोकाला गाडीला जोडलेला, त्यामुळे गाडी वर-खाली झाली की आर्म फिरतो. ब्रेकमुळे चाक अ‍ॅक्सलला जखडलेलं, म्हणून तेही त्याच्यासोबत किंचित फिरतं आणि ट्रेलर डॉकपासून बोटाबोटाने दूर जातो. कमान-पाट्याच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीत असं जाणवत नाही, आणि आमच्याकडे बहुतेक गाड्या पाट्याच्याच. आम्हाला कोण सांगणार होतं?

बलूनची हवा आधी सोडायची, गाडी रबरी ठोकळ्यांवर बसू द्यायची, हॅन्डब्रेक त्यानंतर, मग चाकाला लाकूड. हा क्रम तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलात. निघताना हवा पुरती भरून गाडी नेहमीच्या उंचीला आल्याशिवाय हलवायची नाही, हेही बजावलंत, नाहीतर धक्के थेट अ‍ॅक्सलला आणि मालाला बसतात.

तुम्हाला रात्रीच परत निघायचं होतं, तरी अर्धा तास माझ्यासाठी दिलात. चहासुद्धा घेतला नाहीत. काका, चूक माझ्या हातांची नव्हती हे तुमच्या त्या दोन रेघांनी मला कळलं. नोकरी सोडायचा विचार मी त्याच रात्री सोडला. मनापासून आभार.

आता बलूनची गाडी लागली की फोर्कलिफ्ट आत घालण्याआधी मी ड्रायव्हरला विचारतो, "हवा सोडली का?" खडूचा तुकडा माझ्या खिशातच असतो.

पुन्हा इकडचा फेरा झाला तर दुपारी दोन ते रात्री दहा मी दुसऱ्या डॉकवर सापडेन. चहा मात्र घ्यावाच लागेल.

तुमचा,
दुसऱ्या डॉकवरचा फोर्कलिफ्टवाला